दारू सोडली, आता लिव्हरच्या रिपोर्टमधला कोणता आकडा बघायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४२. चौदा वर्षं रोज साधारण एक क्वार्टर व्हिस्की, शनिवार-रविवारी त्याहून जास्त. पाच आठवड्यांपूर्वी दारू पूर्ण बंद. सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात केलेल्या तपासणीत एसजीओटी १४२, एसजीपीटी ५८, जीजीटी ४१०, बिलिरुबिन १.८, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०४ आणि प्लेटलेट १ लाख १० हजार. आता पाचव्या आठवड्यात हेच आकडे अनुक्रमे ६२, ४१, १५०, १.३, १०१ आणि १ लाख २८ हजार. अल्ब्युमिन (लिव्हर तयार करतं ते प्रथिन) ३.९. सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’, पोटात पाणी नाही. उजव्या बरगडीखाली अधूनमधून टोचतं. लिव्हर कायमचं गेलं का, टॉनिक कोणतं घ्यावं, आणि तब्येत सुधारल्यावर कधीमधी बिअर चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

लिव्हर गेलेलं नाही. अल्ब्युमिन ३.९ आहे, बिलिरुबिन उतरतंय, सोनोग्राफीत पोटात पाणी नाही. म्हणजे लिव्हर आपलं रोजचं काम निभावतंय. पण ‘आकडे उतरले, सुटलो’ म्हणून फाईल कपाटात टाकावी असंही चित्र नाही. तुमची सगळी काळजी एसजीओटी आणि जीजीटीभोवती फिरतेय. प्लेटलेट तुम्ही जाता जाता लिहिलेत, आणि डॉक्टरची नजर अडकते ती तिथेच.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींमधली एन्झाइम्स. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. त्यावरून आज किती इजा चालू आहे ते कळतं. गेल्या चौदा वर्षांत लिव्हरमध्ये किती व्रण (इजा भरून आल्यावर उरणारे कडक चट्टे) साचले, किती भाग कडक झाला, ते त्यावरून अजिबात कळत नाही. सिरॉसिस (व्रणांनी सगळं लिव्हर कडक होणं) असलेल्या माणसाचं एसजीपीटी ३० येऊ शकतं आणि नुसती चरबी असलेल्याचं ९०. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून घरात पेढे वाटले जातात, आणि तीच फाईल दोन वर्षांनी जलोदर घेऊन परत येते, ती यामुळेच.

दारूच्या इजेची एक खूण तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये स्पष्ट आहे: एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. रोज पिणाऱ्यांमध्ये बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं आणि एसजीपीटी तयार व्हायला ते लागतं, म्हणून एसजीपीटी मागे राहतं. आता हे प्रमाण दीडपटीवर आलंय, म्हणजे दिशा बरोबर आहे. जीजीटी हे दारूने चढणारं लिव्हरचं आणखी एक एन्झाइम, दारू थांबल्यावर ते साधारण दोन ते तीन आठवड्यांत निम्मं होतं. ४१० चं चार आठवड्यांत १५० होणं हे दारू खरोखर बंद असल्याचंच लक्षण आहे, आणि ते पूर्ण उतरायला अजून दीड-दोन महिने जातील. एमसीव्ही त्याहून सावकाश उतरतं. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तेव्हा जुन्या मोठ्या पेशी संपून नव्या येईपर्यंत तीन-चार महिने धरा. तेव्हाही १०० च्या वरच असेल, तर बी-१२, फॉलिक ॲसिड आणि थायरॉइड बघायचं.

बिलिरुबिन १.३ बद्दल एवढंच: डायरेक्ट आणि इनडायरेक्ट वेगळं लिहिलेलं असतं ते बघा. डायरेक्ट ०.३ च्या आत असेल आणि वाढ सगळी इनडायरेक्टची असेल, तर काही जणांचा तो जन्मजात स्वभाव असतो. उपाशीपोटी रक्त दिलं की तो आकडा आणखी वर जातो. त्यासाठी झोप घालवू नका.

आता प्लेटलेट. दारू बोन मॅरोवर थेट परिणाम करते, त्यामुळे पिणाऱ्यांचे प्लेटलेट कमी असतात. पण तो परिणाम लवकर जातो. पिणं थांबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत प्लेटलेट उसळी घेतात, कधी कधी नॉर्मलच्याही वर जातात. तुमचे पाच आठवड्यांनंतरही दीड लाखाच्या खाली आहेत. अशा वेळी आधी शंका येते ती प्लीहेची, म्हणजे स्प्लीनची. लिव्हर कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिनीत, म्हणजे पोर्टल व्हेनमध्ये, दाब वाढतो. प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिथे अडकून राहतात. अर्थात हे एकच कारण नसतं. नुकताच डेंग्यू किंवा दुसरा ताप होऊन गेला असेल, फॉलिक ॲसिड कमी असेल, किंवा नळीत प्लेटलेटचे पुंजके झाल्यामुळे मशीनने कमी मोजले असतील, तरी आकडा असाच येतो. म्हणून पहिलं काम स्वस्तातलं: सीबीसी पुन्हा करा आणि लॅबला ‘स्मिअरवर प्लेटलेट बघून सांगा’ असं सांगा, म्हणजे काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली.

दुसरं काम घरबसल्या होतं. फिब-४ नावाचा एक हिशोब आहे: वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). तुमच्या पहिल्या रिपोर्टवर हा आकडा ७.१ येतो, आताच्या रिपोर्टवर ३.२. सर्वसाधारणपणे १.३ च्या खाली असेल तर व्रण फार साचलेले नसावेत आणि २.६७ च्या वर असेल तर पुढची तपासणी करायलाच हवी असं धरतात. पहिला आकडा विसरून जा. दारूने एसजीओटी वर आणि प्लेटलेट खाली ढकलले की हा हिशोब उगाच फुगतो. सोडल्या सोडल्या फिब-४ काढून ‘सिरॉसिस’ असा शिक्का मारून घेतलेले पुष्कळ जण असतात. पण पाच आठवड्यांनंतरचा ३.२ दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

म्हणून तुम्हाला फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, लागेल. सोनोग्राफीने हे काम होत नाही. ‘ग्रेड १, २, ३’ म्हणजे चरबीमुळे लिव्हर किती पांढरं दिसतंय याचा अंदाज, तोही बघणाऱ्याच्या डोळ्यावर आणि मशीनवर अवलंबून. एकाच माणसाचा आज ग्रेड २ आणि आठवड्याने दुसरीकडे ग्रेड १ येऊ शकतो. ग्रेडचा व्रणांशी थेट संबंध नाही. तुमच्या सोनोग्राफीच्या कागदावर ग्रेडच्या ओळीपेक्षा या तीन ओळी शोधा: प्लीहेची लांबी (१२-१३ सेंटिमीटरच्या आत हवी), पोर्टल व्हेनची रुंदी (१३ मिलिमीटरच्या आत) आणि लिव्हरचा पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत. हे लिहिलेलंच नसेल तर पुढच्या वेळी आधी सांगून ठेवा.

फायब्रोस्कॅनला सुई नाही, भूल नाही. तीन तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, कारण जेवणानंतर लिव्हरला रक्त जास्त येतं आणि ते मुळात आहे त्यापेक्षा कडक भासतं. पाठीवर झोपवतात, उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात म्हणजे बरगड्यांमधली जागा मोकळी होते, तिथे जेल लावून टोकदार प्रोब टेकवतात आणि मशीन टिचकी मारल्यासारखा हलका धक्का देतं. असे निदान दहा बरोबर धक्के लागतात. रिपोर्टवर किलोपास्कलमध्ये मधला आकडा येतो आणि शेजारी ‘आयक्यूआर’ची टक्केवारी. ती ३० च्या वर असेल तर वाचनं एकमेकांशी जुळलेली नाहीत. त्या आकड्यावर विसंबू नका, तपासणी पुन्हा करून मागा. किलोपास्कल ८ च्या खाली आला तर मोठी चिंता मिटली. ८ ते १२ मध्ये असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा. १२ च्या वर असेल तर पोटविकार किंवा लिव्हर तज्ज्ञांकडे नियमित जावं लागेल.

वेळ महत्त्वाची आहे. लिव्हरला सूज असताना आकडा खोटा चढतो, म्हणून एसजीओटी खूप वाढलेलं असताना ही तपासणी करण्यात अर्थ नसतो. तुमचं आता ६२ वर आलंय. सहा ते आठ आठवडे दारू बंद झाल्यावर, म्हणजे येत्या पंधरा-वीस दिवसांत करून घ्या. त्याच वेळी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस बी आणि सीसाठी), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल. हिपॅटायटिस बी किंवा सी दारूच्या जोडीने आत बसलेला असेल तर नुसती दारू सोडून लिव्हर पूर्ण सावरत नाही. सी आता बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर त्याची औषधं मोफत मिळतात. बी नसेल तर लस घ्या: ०, १ आणि ६ महिने.

बरगडीखालच्या टोचण्याचं म्हणाल तर ते बहुधा लिव्हरचं नाही. लिव्हरच्या आत वेदनेच्या नसाच नाहीत. बाहेरच्या आवरणाला ताण बसला तर जडपणा किंवा बोथट दुखणं जाणवतं. एका बोटाने दाखवता येणारी, वाकल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी टोचणी स्नायूंची किंवा बरगडीची असते. जेवल्यावर वाढणारी जळजळ पित्ताची. तेलकट खाल्ल्यावर तासाभराने कळ उठून उजव्या खांद्याकडे जात असेल तर पित्ताशयात खडे आहेत का ते सोनोग्राफीत बघा. दारू सोडलेला माणूस आपल्या उजव्या कुशीकडे दिवसभर कान लावून बसतो, त्यानेही दुखणं मोठं होतं.

टॉनिक घेऊ नका. ‘लिव्हर साफ करणारी’ सिरपं, डिटॉक्सचे काढे, रोज सकाळी गुळवेलीचा रस, यापैकी कशानेही व्रण विरघळत नाहीत, आणि काहींनी उलट नुकसान होतं. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. शिवाय तुम्ही तीन-चार गोष्टी एकत्र घेत असाल आणि पुढच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी २०० आलं, तर दोष कुणाला द्यायचा हे कुणालाच ठरवता येणार नाही. बी-१, म्हणजे थायमिन, हे मात्र खरोखर कामाचं आहे: १०० मिलिग्रॅम रोज, निदान दोन-तीन महिने. ते लिव्हरसाठी नाही, मेंदू आणि नसांसाठी.

औषधांच्या बाबतीत जिथे हमखास घोटाळा होतो ती जागा म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. पॅरासिटामॉलला लोक उगाच भितात आणि डायक्लोफेनॅक बिनधास्त गिळतात. तुमच्यासाठी उलट आहे. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चालतं: ५०० ची चार, किंवा ६५० ची तीन. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन फायब्रोस्कॅन होईपर्यंत नको, आणि सिरॉसिस निघाला तर कायमचं नको. त्या अवस्थेत या गोळ्या किडनी बंद पाडू शकतात आणि पोटात रक्तस्राव करू शकतात. मेडिकलमधून ‘अंगदुखीचं काहीतरी द्या’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक एकत्र असतं. पाकिटाच्या मागे वाचा.

दारूची तल्लफ फार येत असेल तर मानसोपचार तज्ज्ञ औषध देतात, आणि ते घेण्यात कमीपणा काही नाही. फक्त लिव्हरचे रिपोर्ट त्यांना दाखवा. अकॅम्प्रोसेट लिव्हरमधून जात नाही, किडनीतून जातं. बॅक्लोफेन सिरॉसिसच्या रुग्णांवरही तपासलं गेलेलं आहे. डायसल्फिराम मात्र स्वतःच क्वचित लिव्हरला गंभीर सूज आणतं, म्हणून तुमच्या रिपोर्टवर ते सहसा टाळतात. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीतल्या पावडरी घरची माणसं भाजीत मिसळतात, त्यांत हेच निघू शकतं. त्यावर कुणी प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. असं काही घरात चालू असेल तर आजच थांबवायला सांगा.

खाण्याकडे वळू. ‘लिव्हरला त्रास नको’ म्हणून वरण-भात-मऊ खिचडीवर राहणं ही जुनी चूक. दारूच्या वर्षांत स्नायू झडलेले असतात, आणि लिव्हरचं काही काम अशा वेळी स्नायू उचलून धरतात. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७० किलो धरलं तर ८४ ते १०५ ग्रॅम. हे सहज होत नाही, मोजून बघा: दोन अंडी १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १२ ते १४, पेलाभर दूध ६, वाटीभर दही ५, तीन पोळ्या किंवा भाकऱ्या ९-१०, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे ७. एवढं करूनही आपण ५५ च्या आत. उरलेल्यासाठी १०० ग्रॅम चिकन किंवा मासे, नाहीतर ५० ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे, दोन्हींत साधारण २५ ग्रॅम. त्यावर वाटीभर पिठलं किंवा मोड आलेली मटकी. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत बारा तास जाऊ देऊ नका. झोपताना दूध-पोळी किंवा शेंगदाण्याचा एक लाडू. कडक झालेल्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा टिकत नाही आणि शरीर रात्रीतूनच स्नायू जाळायला लागतं. याच कारणासाठी फायब्रोस्कॅनचा आकडा हातात येईपर्यंत निर्जळी आणि दिवसभराचे कडक उपवास नकोत.

दारू सुटल्यावर गोडाची ओढ लागते, हेही बघा. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. वर थंड पेयाची एक छोटी बाटली, अजून ३० ग्रॅम. सोडल्यावर तीन महिन्यांत सहा किलो वजन वाढलं तर दारूची चरबी जाऊन साखरेची चरबी येते, आणि सोनोग्राफीवर दोन्ही सारख्याच दिसतात. एरवी दारूची चरबी लवकर उतरते, बहुतेकांची सहा आठवड्यांत. बिनसाखरेची कॉफी दोन-तीन कप घेतलीत तर उत्तमच. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे व्रण कमी आढळतात. जिमला लागला असाल तर रक्त देण्याआधी तीन-चार दिवस जड वजनं उचलू नका. एसजीओटी स्नायूंमध्येही असतं, आणि व्यायामाने चढलेला आकडा बघून घरचे ‘पुन्हा चालू केलीस का’ म्हणून विचारतात.

जीजीटीवरूनही असाच संशय घेतला जातो. दारू सोडताना झटका आलेल्यांना फेनिटॉइन दिलेलं असतं आणि त्या गोळीने जीजीटी चढलेलंच राहतं. मधुमेह, लठ्ठपणा, पित्तनलिकेतला अडथळा, यांनीही. जीजीटी हा दारू पकडण्याचा पुरावा नव्हे. प्यायलं की नाही हे खरंच बघायचं असेल तर पेथ नावाची वेगळी रक्ततपासणी असते, ती मागच्या दोन ते चार आठवड्यांचं सांगते.

बिअरचा हिशोब असा. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्के दारू, त्यात शुद्ध अल्कोहोल ६१ ग्रॅम. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्के, त्यात ४१ ग्रॅम. एक बाटली म्हणजे क्वार्टरचा दोन तृतीयांश भाग. लिव्हर ग्रॅम मोजतं, बाटलीचा आकार नाही. वाइन, फेणी, ताडी, सगळ्यांना हाच नियम. तुमचा फिब-४ असा असताना ‘कधीमधी’ला जागा नाही, आणि फायब्रोस्कॅन १२ च्या वर निघाला तर कधीच नाही.

आता कशावर लक्ष ठेवायचं. दारूमुळे येणारी लिव्हरची तीव्र सूज पिणं थांबल्यावरही दोन महिन्यांपर्यंत उफाळू शकते, म्हणजे तुम्ही अजून त्या काळात आहात. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. गावठी काविळीचं औषध, नाकात थेंब, गळ्यात माळ, हातावर डाग, यांत जाणारे पंधरा दिवसच अशा रुग्णांना महागात पडतात. डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी, पोट किंवा पाय सुजणं, दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं, बोलण्यात घोळ, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं: यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

हे वाचणाऱ्या कुणी अजून दारू सोडलेली नसेल आणि रोज सकाळी हात थरथरत असतील, तर घरी एकदम बंद करू नका. झटके पहिल्या दोन दिवसांत येतात, भ्रम आणि ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी. हे औषधाच्या आधाराने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावं.

तुमचं वेळापत्रक: या आठवड्यात स्मिअरसह सीबीसी. सात-आठ आठवडे पूर्ण झाल्यावर फायब्रोस्कॅन आणि वर सांगितलेल्या रक्ततपासण्या. तिसऱ्या महिन्यात लिव्हरचे आकडे, सीबीसी आणि नव्याने फिब-४. मधल्या काळात दर आठवड्याला रक्त देऊ नका. त्या चढउतारातून काही कळत नाही, पैसे जातात. सगळं सौम्य निघालं तर वर्षातून एकदा पुरे. फायब्रोस्कॅन २० च्या वर, किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खालीच आणि किलोपास्कल सिरॉसिसकडे झुकणारा, तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपी लागेल. आणि सिरॉसिस ठरलाच, तर दारू सुटून दहा वर्षं झाली तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही. दारू बंद राहिली की सिरॉसिसमध्येही दाब उतरतो, पोटातलं पाणी जातं, अल्ब्युमिन सुधारतं. पण लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ होण्याचा धोका पूर्ण जात नाही. ती दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर काढता किंवा जाळता येते, आणि त्या आकाराची गाठ दुखत नाही, कळतही नाही.